दोन सूत खाली

म्हसकरकाकांनी कशालाही "पास" म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. आणि गंमत म्हणजे पास-नापास ठरवणं हीच त्यांची नोकरी होती. आमच्या ऑफिसात मोबाइलची अ‍ॅप बनतात. अ‍ॅप गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी काका ते वेगवेगळ्या फोनवर चालवून बघत आणि संगणकावरच्या तक्त्यात निकाल लिहीत. तक्त्यात रकाने दोनच होते, एक पासचा आणि एक नापासचा. काका दोन्ही कोरे ठेवत आणि शेऱ्याच्या जागी एका बोटाने टाइप करत, 'आज तरी चालतंय.' अगदीच खूश असले तर 'आज तरी बरं चालतंय.' आमचे मालक हरेशभाई वैतागून म्हणायचे, "म्हसकर साहब, क्लायंट को क्या बोलूँ? कल का क्या?"

"कल का कल देखेंगे ना सेठ. कल मैं आएगा ना," काका म्हणायचे आणि पुढचा फोन उचलायचे.

आमचं ऑफिस म्हणजे उल्हासनगरच्या बाजारातल्या एका अरुंद गल्लीत, जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या डोक्यावर दोन खोल्या. खालची शिलाई मशीनं सुरू झाली की टेबलावरचे फोन आपोआप चालू लागतात, म्हणजे खरोखरच सरकत सरकत कडेला येतात. खिडकीसमोर, रस्त्यापलीकडे पडद्याच्या कापडाचं दुकान आहे. केबलवाल्याने वायर ओढताना त्या दुकानाची पाटी डाव्या बाजूने चांगली चार बोटं खाली आली होती आणि ती सरळ करायचं कुणी मनावर घेत नव्हतं. मी बदलापूरहून पहिल्या दिवशी कामावर आले तेव्हा डोळ्यांना खुपलेली पहिली गोष्ट ती पाटी. दुसरी गोष्ट म्हणजे त्याच खिडकीशी, तिच्याकडे तोंड करून बसलेले काका. चौकडीचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि एक स्टीलची सहा इंची पट्टी.

"तू नवीन इंजिनेर काय?" त्यांनी विचारलं.

"हो काका."

"कुठली?"

"बदलापूरची. कात्रप."

"म्हंजे आमच्या दारातलीच की. मी चामटोलीचा. हात धुतलेस?"

मी नुकतेच धुतले होते आणि रुमाल शोधत होते.

"पुसू नको, पुसू नको!" ते एकदम उठले आणि माझ्या ओल्या हातात एक फोन कोंबला. "असाच धर. आता 'पुढे'चं बटण दाब बघू." बटण दाबलं गेलं नाही. काकांनी समाधानाने मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. माझं स्वागत झालं ते असं.

काका मुळात सॉफ्टवेअरमधले नव्हतेच. अंबरनाथ एमआयडीसीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात ते सव्वीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. कारखाना बंद पडला आणि काका घरी बसले. त्यानंतर ते आमच्याकडे कसे आले, ती कथा हरेशभाई नव्या माणसाला हमखास सांगतात. लग्नाचे हॉल बुक करायचं एक अ‍ॅप आम्ही बनवलं होतं. काका तेव्हा मुलीच्या लग्नासाठी हॉल शोधत होते. त्यांनी ते अ‍ॅप वापरून बघितलं, मग पायी फिरून हॉल ठरवला आणि मग अ‍ॅपमधल्या एकोणीस चुका वहीत उतरवून थेट ऑफिसात हजर झाले. हरेशभाईंनी चहा पाजून वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी काका परत आले, चुका दुरुस्त झाल्या का बघायला. झाल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी ते सोबत डबा घेऊनच आले. चौथ्या दिवशी हरेशभाईंनी त्यांना खुर्ची दिली, कारण उभा माणूस कामाच्या आड येत होता.

खुर्चीबरोबर काकांनी आपला कारखानाही वर आणला. व्हॉल्व्ह ठेवायचा खणांचा लाकडी ट्रे त्यांच्याकडे होता, त्यात आता फोन राहायला लागले. उल्हासनगरच्या बाजारात जुने फोन कुठे मिळतात हे आम्हाला सांगायची गरज नाही, गल्लीच्या तोंडाशीच मिळतात. काका तिथून एकेक फोन पारखून आणत. नवा कोरा फोन त्यांना चालत नसे. कोपरा फुटलेला, बॅटरी फुगत आलेला, मेमरी भरलेला असा कोण असेल तो त्यांचा लाडका. प्रत्येकाला नाव होतं. फार हळू चालणारी 'आत्या', कुठलीही परवानगी द्यायला कुरकुरणारा 'तलाठी', आणि मागे सफरचंदाचं चित्र असलेला एकुलता एक महागडा फोन म्हणजे 'जावई', कारण त्याचं सगळं वेगळं करावं लागे आणि तरी तो रुसे. "जावयाकडं नीट दिसतंय, आत्या अडकली," असं काका सकाळी जाहीर करत, तेव्हा नव्या माणसाला वाटे घरी काही झालं आहे.

फोन पुसायला मात्र सक्त मनाई. दुपारच्या डब्यानंतर तर काका हात धुवायच्या आधी दहा मिनिटं तेलकट बोटांनी तपासणी करत. "माणूस काय आंघोळ करून फोन उचलतो काय?" असं त्यांचं म्हणणं. आत्याला त्यामुळे कायम बोंबलाचा वास यायचा.

चुका लिहायची त्यांची भाषा कारखान्याचीच होती. 'बटण दोन सूत खाली.' सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतार-लोहारांचं माप. आमचा निखिल अ‍ॅपचा कोड लिहितो, तो हात जोडायचा. "काका, पिक्सेलमध्ये सांगा ना. सूत म्हणजे किती पिक्सेल?"

"तुझा पिक्सेल दर फोनला बदलतो रे. माझं सूत बदलत नाय," काका म्हणायचे आणि अंगठा आणि तर्जनी यांच्यात नेमकं दोन सुतांचं अंतर धरून दाखवायचे. आम्ही एकदा पट्टीने मोजलं होतं. बरोबर निघालं, त्यामुळे पुन्हा मोजायची सोय राहिली नाही.

शुक्रवारी दुपारी ते ट्रे पिशवीत घालून अंबरनाथला जात. दुसऱ्या पाळीचे कामगार तिथे शेअर रिक्षासाठी उभे असतात, आणि आमचं एक अ‍ॅप कामगारांच्या हजेरीचं होतं. काका रांगेतल्या माणसाच्या हातात फोन देत आणि म्हणत, "दादा, यावर जरा हजेरी लावून दाखव." सांगायचं काही नाही, नुसतं बघायचं, हा त्यांचा नियम. माणूस चुकला तर काका त्याला कधी चूक म्हणत नसत, वहीत अ‍ॅपच्या नावावर चूक लिहीत. एकदा एका पहिलवानासारख्या माणसाने रिक्षा सुटतेय म्हणून फोनसकट रिक्षात उडी मारली. काका मागच्या रिक्षाने एमआयडीसीच्या गेटपर्यंत गेले, फोन परत घेतला आणि त्याला विचारलं, "हजेरी लागली काय मग?"

एक सवय मात्र मला त्यांची फार आवडायची. कुठलंही नवं पान आलं की फोन माझ्यापुढे धरून म्हणत, "मोठ्यानं वाच गं. चूक डोळ्याच्या आधी कानाला कळते." मी वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे. स्वतः बघायचं असलं की फोन पार नाकाशी नेत. "जवळून बघितल्याशिवाय चीर सापडत नाय," असं वर सांगत. मला ही पद्धत इतकी पटली की ऑफिसच्या नियमावलीत मी ती लिहून टाकली: प्रत्येक पान दोनदा मोठ्याने वाचावे. निखिल आजही वाचतो.

मला ऑफिसात घेतलं होतं ते ऑटोमेशनसाठी. म्हणजे सूचनांची एक यादी लिहायची, तिला स्क्रिप्ट म्हणतात. ती दिली की संगणक स्वतःच फोन चालवतो: हे उघड, ते दाब, इथे नाव लिही, आणि शेवटी जमलं तर हिरवं, फसलं तर लाल. फोनही आपले लागत नाहीत. कुठल्या तरी लांबच्या शहरात मांडणीवर शेकडो फोन ठेवलेले असतात, ते इंटरनेटवरून भाड्याने मिळतात. काकांना दोन दिवस लागत ते काम चहा निवायच्या आत होतं. हरेशभाईंनी पहिल्याच आठवड्यात मला आत बोलावून सांगितलं, "बेटा, हे स्क्रिप्टचं काम पुरं कर. फिर म्हसकर साहब को आराम देते हैं. उमर झाली त्यांची."

बाहेर आले तर काकांनी त्यांची खुर्ची माझ्या टेबलाशी ओढून ठेवलेली.

"काय काय शिकवणार तुझ्या मशीनला? लिव. मी सांगतो."

"काका, हे पुरं झालं की..."

"ऐकलं मी. पत्र्याचं पार्टिशन हाय. शिकवायचं तर नीट शिकव. अर्धवट शिकलेला इन्स्पेक्टर लय वाईट, तो चुकीच्या मालावर सही करतो."

मला त्या दिवशी स्वतःची फार लाज वाटली. पण मी लिहायला बसले, आणि काका सांगत गेले.

आठवड्याभरात मला एक फोन आला. काकूंचा. "तूच ना गं ती मशीन बनवणारी? कंपनी बंद पडल्यावर दोन वर्सं घरी व्हते हे. भाकरी पट्टीनं मोजायचे. कडेला पातळ, मधी जाड, असं वहीत लिव्हायचे. मला काय, मी ऐकून घेते. पण संध्याकाळी ओट्यावर बसले की त्यांच्याकडं बघवत नव्हतं. तू बनव बाई, पण जरा सावकाश बनव."

मी सावकाश बनवायला लागले. इतकंच नाही, एक चांगली चालणारी स्क्रिप्ट मी मुद्दाम बिघडवली आणि हरेशभाईंना सांगितलं की अजून वेळ लागेल. दुसऱ्या दिवशी काका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"ही काल चालत व्हती."

मी बिघडवलेली ओळ पुन्हा सरळ केली.

"परत असं करू नको," ते हळू आवाजात म्हणाले. "माझ्यासाठी तर नकोच नको." काकूंचा फोन आल्याचं मी त्यांना सांगितलं नाही, पण त्यांना ते ठाऊक असावं.

अशी दीड वर्षं गेली. एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यासाठी आम्ही ते कामगारांचं अ‍ॅप केलं होतं, हजेरी आणि पाळीचं. कारखान्याने त्यात आणखी एक बटण मागितलं, 'मदत'. गॅस सुटला, कुणाला लागलं, तर कामगाराने ते दाबायचं की सुरक्षा अधिकाऱ्याला कोण, कुठे ते लगेच कळेल. शुक्रवारी ते द्यायचं ठरलं. शुक्रवारी सकाळी माझ्या सगळ्या स्क्रिप्ट पहिल्यांदाच एकदम हिरव्या आल्या. चाळीस फोन, एकही लाल नाही. हरेशभाईंनी सगळ्यांसाठी दाल-पकवान मागवलं. "आज तो जश्न है," ते म्हणाले. जश्न कशाकशाचा होता हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, काकांनाही.

काकांनी पकवानाला हात लावला नाही. तेलकट बोटांची इतकी मोठी संधी ते सोडतात म्हणजे काहीतरी बिनसलं होतं. ते उठले, पँटच्या खिशातून स्वतःचा फोन काढला आणि हरेशभाईंच्या ताटाशेजारी ठेवला. तो फोन आम्ही कधी नीट पाहिलाच नव्हता. ऑफिसात तो कायम खिशात असे, "बॅटरी कमी हाय" म्हणून.

"यावर मदतीचं बटण नाय," काका म्हणाले.

आम्ही सगळे वाकलो. फोनवरची अक्षरं एवढी मोठी केलेली होती की एका ओळीत जेमतेम दोन शब्द मावत होते. 'हजेरी' आणि 'पाळी' यांनीच सगळी जागा खाल्ली होती. बटण होतं, पण पडद्याच्या खाली, पान सरकवल्यावर दिसणारं. माझ्या स्क्रिप्टने मोठी अक्षरं कधी तपासलीच नव्हती, आणि तपासली असती तरी उपयोग नव्हता. बटण दिसलं नाही तर ती पान सरकवून शोधून काढायची आणि दाबायची. मला तिच्या त्या हुशारीचं कौतुकच होतं. आत्या, तलाठी, जावई, सगळ्यांची अक्षरं बारीक, कारण ती लावणारे आम्ही सगळे पंचविशीतले. अक्षरं मोठी करून बघायचं आमच्या मनातही आलं नव्हतं.

"सरकवल्यावर आहे ना पण," निखिल म्हणाला.

"गॅस सुटल्यावर माणूस पान सरकवणार नाय रे. तो पळणार."

हरेशभाईंनी फोन हातात घेतला. "लेकिन इतने बड़े अक्षर रखता कौन है?"

"मैं रखता है," काका म्हणाले.

हरेशभाईंनी फोन खाली ठेवला.

"साहब, आप को दिखता नहीं?"

"पहले जैसा नहीं दिखता सेठ. दो साल हुआ."

मला एकेक आठवायला लागलं. 'मोठ्यानं वाच गं.' नाकाशी धरलेला फोन. मिटलेले डोळे. माणसाला दिसत नव्हतं आणि मी त्याची पद्धत म्हणून नियमावलीत लिहिली होती!

नंतर जिन्यात मी त्यांना म्हटलं, "काका, ऑफिसच्या एखाद्या फोनची अक्षरं मोठी करून दाखवायची होतीत ना. चूक तीच सापडली असती. तुमचं कुणाला कळलं नसतं."

"माल तपासणाऱ्यानं माप कुठून घेतलं ते लपवायचं नसतं," ते म्हणाले. "काल रात्री हिला दाखवायला गेलो, तर मलाच बटण सापडेना. आधी वाटलं, आपलेच डोळे. मग हिला विचारलं. तिलाबी दिसंना." मग म्हणाले, "गेटवरच्या निम्म्या वॉचमन लोकांचे फोन असेच असतात गं."

त्या दिवशी अ‍ॅप गेलं नाही. निखिलने बटण पडद्याच्या तळाशी कायमचं बसवलं, अक्षरं कितीही वाढवा, ते हलत नाही. हरेशभाई वाईट माणूस नाहीत. त्यांनी स्वतः डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून दिला. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. काका दोन महिने आले नाहीत. तेवढ्यात मी सगळ्या स्क्रिप्टना मोठी अक्षरं शिकवली, आणि बटण सरकवून मिळालं तर लाल दाखवायला शिकवलं. काम पुरं झालं. काकूंचा पुन्हा फोन आला, "दोन्ही डोळं झालं गं. लख्ख दिसतंय म्हणत्यात. आता माझ्या भाकरीचं काय खरं नाय." त्या हसल्या, मी पण हसले, आणि फोन ठेवल्यावर मला रडू आलं.

काका आले ते काळा चष्मा लावून. हरेशभाईंनी त्यांना आत घेतलं. पार्टिशन पत्र्याचंच होतं. "साहब, अब तो सब मशीन देखता है. आप घर पे आराम करो," हरेशभाई म्हणाले. "ठीक है सेठ," काका म्हणाले. मी उठून आत जायला हवं होतं. काय बोलायचं ते माझं ठरलेलंही होतं. मी उठले नाही. ते आजही मला लागतं.

बाहेर येऊन काका आपल्या खुर्चीवर बसले. चष्मा काढला, आत्याला उचललं आणि माझ्यापुढे न धरता हातभर लांब धरलं.

"आता तू वाचू नको. मला दिसतंय."

त्यांनी सगळं पान मोठ्याने वाचलं, अगदी तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात असलेल्या आवृत्तीच्या आकड्यापर्यंत. मग माझ्या संगणकावर सकाळचा निकाल बघितला. मोठी अक्षरं, बारीक अक्षरं, सगळं हिरवं, आणि मशीनने पासच्या रकान्यात आपलं आपण भरलेलं. शेऱ्याची जागा रिकामी होती. काकांनी एका बोटाने टाइप केलं, 'आज तरी बरं चालतंय.' मी ते अजून पुसलेलं नाही.

पिशवी घ्यायला ते वळले आणि खिडकीशी थबकले.

"ही पाटी कधीपासून वाकडी हाय?"

"मी आले त्याच्या आधीपासून," मी म्हटलं.

त्यांनी पिशवी खांद्याला लावली. खिशातली पट्टी चाचपली आणि जिना उतरले.

दीड वर्षं मी त्यांच्या शेजारी बसले. समोर चार बोटं वाकडी पाटी आणि म्हसकरकाका गप्प, एवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं.

मी खिडकीशी गेले. काका रस्ता ओलांडून पडद्यांच्या दुकानात शिरले होते. पाच मिनिटांत दुकानदार स्टूल घेऊन बाहेर आला आणि वर चढला. काका उलट्या पावलांनी रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले. एक रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, त्याच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. पाटी वर गेली, सरळ झाली. निदान मला तरी सरळ दिसली. दुकानदारालाही तसंच वाटलं असावं, कारण तो हात झटकत स्टुलावरून खाली उतरला.

काकांनी त्याला पुन्हा वर चढवलं. अंगठा आणि तर्जनी यांच्यात अंतर धरून ते त्याला काहीतरी दाखवत होते. किती, ते मला एवढ्या लांबूनही कळलं.